सातासमुद्रांपलीकडची ओ

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात सानगडी नावाचे गाव आहे. भोवताली धानाच्या बांध्या, अधूनमधून तळी आणि गावात एका जुन्या किल्ल्याचे अवशेष, असे त्याचे रूप आहे. शाळेतील पृथ्वीचा गोल हाती घेऊन त्यावर सानगडीच्या जागी एक लांब दाभण टोचले आणि ते गोलाच्या बरोबर मध्यातून आरपार नेले, तर त्याचे टोक कोठे बाहेर येईल? ते पॅसिफिक महासागराच्या अफाट पाण्यात, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस, ईस्टर बेटाच्या बाजूला निघेल. सानगडीपासून याहून दूरची जागा पृथ्वीवर नाही. पृथ्वीच्या पाठीवरून मोजले, तर हे अंतर सुमारे २०,००० किलोमीटर भरते.

आता अशी कल्पना करावी की, सानगडीच्या एका अंगणात दोन कडुलिंबांच्या मध्ये तांब्याची एक तार ताणून बांधली आहे. तिची लांबी जेमतेम १० मीटर. घरात मेजावर एक लहानशी पेटी आहे. त्या पेटीची शक्ती १०० वॅट, म्हणजे पूर्वी घरोघरी लावीत त्या विजेच्या एका मोठ्या दिव्याइतकीच. पेटीपुढे बसलेल्या मुलीने साद घातली, आणि त्या दूरच्या महासागरातील बेटावर अशाच एका पेटीपुढे बसलेल्या अनोळखी माणसाने तिला ओ दिली. दोघांच्या मध्ये तार नाही, मनोरा नाही, उपग्रहही नाही. मुलीचा शब्द तेथे पोहोचण्यास सेकंदाचा पंधरावा हिस्सा पुरला. ही केवळ कल्पना असली तरी अशक्य कोटीतील नव्हे. असे संभाषण जगात रोज घडते. ते करणाऱ्या लोकांस हौशी बिनतारी संदेशक म्हणतात, आणि बोलण्यात त्यांना 'हॅम' असे सुटसुटीत नाव आहे.

खिशातील दूरध्वनीवरून अमेरिकेतील मामाशी बोलता येत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु खिशातील दूरध्वनी मामापर्यंत एकटा जात नाही. गावाबाहेरचा मनोरा, जमिनीखालून व समुद्राच्या तळावरून गेलेल्या तारा, शेकडो यंत्रे आणि ती राखणारी हजारो माणसे मध्ये राबत असतात, म्हणून ते बोलणे होते. हौशी संदेशकाच्या बाबतीत दोन टोकांना दोन माणसे असतात आणि मध्ये केवळ आकाश. ज्याला मासा गळाला लावण्याची गोडी आहे, त्याला बाजारात मासळी मिळते हे सांगून त्याची हौस फिटत नाही!

या छंदाच्या इतिहासात एका शाळकरी मुलाची गोष्ट आहे. मार्कोनी याने १९०१ च्या डिसेंबरात अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी खूण पोहोचविली, तेव्हापासून शास्त्रज्ञांची अशी समजूत झाली की, तरंग जितका लांब, तितका तो दूर जातो. म्हणून लांब तरंग सरकारे, आरमारे व मोठ्या कंपन्या यांनी आपल्याकडे ठेविले. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी लोकांच्या वाट्याला २०० मीटर व त्याहून आखूड तरंग आले. ते निरुपयोगी आहेत, तेव्हा पोरांनी त्यांच्याशी खुशाल खेळावे, असाच जणू त्याचा अर्थ होता. हौशी मंडळी खेळू लागली. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हौशी संदेशकांच्या खुणा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आल्या. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्स व अमेरिका यांच्यातील हौशी संदेशकांनी एकमेकांशी दुतर्फा संभाषण केले. टाकाऊ म्हणून दिलेले तरंग महासागर ओलांडू लागले!

मग १८ ऑक्टोबर १९२४ हा दिवस उजाडला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटात शॅग व्हॅली नावाच्या खोऱ्यात फ्रँक बेल हा मेंढ्यांची शेती करणारा तरुण राहत असे. पहिल्या महायुद्धात प्रकृती खालावल्यामुळे तो घरी परतला होता. इकडे लंडनजवळच्या मिल हिल येथील शाळेत सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्या दिवशी या शेतकऱ्याची खूण त्या विद्यार्थ्याने ऐकली आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याने ऐकले. दोघांमध्ये सुमारे १९,००० किलोमीटरचे अंतर होते. इंग्लंड व न्यूझीलंड यांच्यामधील हे पहिले दुतर्फा बिनतारी संभाषण होय. ते कोण्या बड्या कंपनीने घडविले नाही. एक शेतकरी आणि एक शाळकरी मुलगा यांनी घडविले. फ्रँकची बहीण ब्रेंडा हिने पुढे त्याच यंत्रावर काम सुरू केले, आणि न्यूझीलंडमधील पहिली महिला हौशी संदेशक म्हणून तिचे नाव झाले.

या मुलाचा पुढे आपल्या देशाशी संबंध आला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. १९३६ साली सेसिल गॉयडर भारतात 'ऑल इंडिया रेडिओ'चा मुख्य अभियंता म्हणून आला. एवढ्या विस्तीर्ण देशात आवाज पोहोचवायचा, तर लघुलहरींचा, म्हणजे आखूड तरंगांचा आश्रय घेतला पाहिजे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे लघुलहरींची प्रक्षेपण केंद्रे सुरू झाली. शाळेतील खेळ असा एका खंडप्राय देशाच्या कामी आला.

परंतु आखूड तरंग इतके दूर जातात तरी कसे? पृथ्वी गोल आणि तरंग तर सरळ रेषेत जाणारे. ते क्षितिजापाशी पृथ्वी सोडून अवकाशात निघून जावयास हवेत. भंडारा जिल्ह्यातील मुलांना याचे उत्तर तळ्याच्या काठी मिळेल. चपटी खापरी तिरपी फेकली म्हणजे ती पाण्यात न बुडता टप्पे घेत दूर जाते. तरंगांचेही असेच होते, मात्र त्यांचे एक तळे खाली आणि दुसरे वर असते. जमिनीपासून सुमारे ८० किलोमीटर उंचीवर हवा अतिशय विरळ होऊ लागते. सूर्याच्या प्रखर किरणांनी तेथील हवेच्या कणांचे विघटन होऊन ते विद्युत्भारित होतात. या थरांना आयनांबर म्हणतात आणि ते कित्येकशे किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात. आखूड तरंग तिरपे वर गेले की तेथे वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. जमिनीवरून अगर समुद्रावरून उसळून पुन्हा वर जातात. असे टप्पे घेत घेत ते पृथ्वीला वळसा घालतात. असा थर असावा, हा तर्क १९०२ सालीच करण्यात आला होता. त्याचे प्रत्यक्ष प्रमाण इंग्लंडमध्ये ॲपल्टन याने १९२४ च्या अखेरीस मिळविले, म्हणजे त्या शाळकरी मुलाच्या संभाषणानंतर अवघ्या काही आठवड्यांनी! त्याबद्दल ॲपल्टनला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांनी याच आयनांबराच्या अभ्यासात आयुष्य वेचले.

हे वरचे तळे मात्र एकसारखे शांत नसते. दिवसा त्याच्या खालच्या अंगाला एक थर तयार होतो आणि तो ८० व ४० मीटरांचे तरंग शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तेच तरंग दूरदूर धावू लागतात. १५ व १० मीटरांचे तरंग बहुधा दिवसाचे प्रवासी. २० मीटरांचा पट्टा मधला असून तो दिवसाही चालतो व कित्येकदा रात्रीही. त्यातच सूर्यावरील डाग सुमारे ११ वर्षांच्या फेऱ्याने वाढतात व घटतात. डाग पुष्कळ असले म्हणजे दहा मीटरांवर लहानशा यंत्रानेही जगाची सफर घडते, आणि ते कमी झाले की तोच पट्टा दिवसचे दिवस मुका राहतो. शेतकरी जसा ढगांकडे पाहून पेरणीचा अंदाज करतो, तसा हौशी संदेशक सूर्याकडे पाहून आज कोणता देश ऐकू येईल याचा अंदाज बांधतो. तो कधी चुकतोही! परंतु कोणता आवाज केव्हा उगवेल याचा नेम नाही, यातच या छंदाची खरी गोडी आहे.

हवे त्याने यंत्र घ्यावे आणि बोलत सुटावे, असे मात्र चालत नाही. तसे झाले तर आकाशात आठवडी बाजार भरेल. म्हणून सरकार परीक्षा घेऊन परवाना देते. भारतात बारा वर्षांच्या मुलालाही ही परीक्षा देता यावी, अशी सोय नियमांत करण्यात आली. परवान्याबरोबर एक संकेतनाम मिळते. भारतातील हौशी संदेशकांच्या संकेतनामाचा आरंभ 'व्ही यू' या दोन अक्षरांनी होतो. जपानमधील पुष्कळांचा 'जे ए'ने, न्यूझीलंडचा 'झेड एल'ने, इंग्लंडचा 'जी'ने. या साधनाने व्यापार करावयाचा नाही, मोबदला घ्यावयाचा नाही, गाणी वाजवावयाची नाहीत. आपले नाव, गाव, यंत्र, हवामान एवढेच बोलावयाचे.

या परवान्यांनी एकदा मोठी सत्त्वपरीक्षा पाहिली. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी संदेशकांचे परवाने रद्द केले व यंत्रे जमा करविली. मुंबईचा नरिमन प्रिंटर हा अशा संदेशकांपैकी एक होता. १९४२ च्या 'छोडो भारत' चळवळीत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हा त्याचे प्रक्षेपक यंत्र उभारण्यास प्रिंटरचे ज्ञान उपयोगी पडले. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ते यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले आणि उषाबाईंना कारावास घडला. त्या केंद्राच्या तरंगाची लांबी ४२.३४ मीटर होती. आज हौशी संदेशकांना जो ४० मीटरांचा पट्टा दिलेला आहे, त्यातच ही लांबी येते.

आता प्रत्यक्ष साद घालण्याकडे वळू. संदेशक प्रथम 'सी क्यू, सी क्यू' असे पुकारतो. 'कोणी ऐकत असेल त्याने ओ द्यावी', एवढाच त्याचा अर्थ. मग तो आपले संकेतनाम सांगतो. आकाशात खरखर फार. 'बी', 'डी' आणि 'पी' ही इंग्रजी अक्षरे सारखीच ऐकू येतात. म्हणून बालपोथीत आपण जसे 'ग गणपतीचा, ब बदकाचा' असे घोकतो, तसे हे लोकही प्रत्येक अक्षरास एक शब्द जोडतात. 'व्ही'साठी व्हिक्टर आणि 'यू'साठी युनिफॉर्म. ज्यांना बोलण्यापेक्षा कडकट्ट अधिक प्रिय, ते मोर्सच्या लिपीत ठिपके व रेघा वाजवितात. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तारेची ती भाषा या छंदात अजून जिवंत आहे. क्षीण आवाज खरखरीत बुडून गेला तरी मोर्सची बारीक शीळ कानाला पकडता येते. निरोप घेताना '७३' हा आकडा सांगतात. त्याचा अर्थ 'शुभेच्छा'.

या छंदाच्या स्पर्धाही असतात. त्यांतील एक मोठी जागतिक स्पर्धा दरवर्षी ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी भरते. त्या वेळी तोंडाने बोलावयाचे. नोव्हेंबरातही तशीच एक असते, ती मोर्सची. शनिवारी आपल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजले की ती सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या ४८ तासांत शक्य तितक्या केंद्रांशी संपर्क साधावयाचा. जगाचे ४० विभाग पाडलेले आहेत व भारत २२ व्या विभागात आहे. तेव्हा भारतातील स्पर्धक समोरच्यास '५९, २२' असे सांगतो. यांतील ५९ म्हणजे 'तुमचा आवाज उत्तम व स्पष्ट येतो'. मौज अशी की, आवाज कितीही क्षीण असला तरी स्पर्धेत सगळेच एकमेकांस ५९ देतात! सौजन्याची ती एक रीत होऊन बसली आहे. खरी परीक्षा असते ती संकेतनाम व विभागाचा आकडा अचूक ऐकण्याची.

गुणांचा हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. दुसऱ्या खंडातील केंद्राला ३ गुण आणि आपल्याच आशिया खंडातील परदेशाला १ गुण. या गुणांच्या बेरजेला, एकंदर किती देश व किती विभाग मिळाले त्या संख्येने गुणावयाचे. समजा, एकाच पट्ट्यावर काम करणाऱ्या सानगडीच्या स्पर्धकाला इतर खंडांतील ६० व आशियातील ४० केंद्रे मिळाली. गुण झाले १८० अधिक ४०, म्हणजे २२०. देश ३० व विभाग १२ मिळाले. त्यांची बेरीज ४२. एकूण गुणसंख्या २२० गुणिले ४२, म्हणजे ९,२४०. आता युरोपातील पूर्वीच मिळालेल्या देशातील आणखी एक खणखणीत आवाज पकडला, तर १२६ ची भर पडेल. त्याऐवजी आफ्रिकेतील एखाद्या नव्या देशाचा, नव्या विभागातील, जेमतेम ऐकू येणारा आवाज पकडला, तर २२३ गुणिले ४४, म्हणजे ९,८१२. भर पडली ५७२ ची! चार खणखणीत आवाजांहून एका क्षीण आवाजाचे मोल अधिक. म्हणून जाणता स्पर्धक ओरडतो थोडे आणि ऐकतो फार. नवशिक्याचे बहुधा उलट असते.

स्पर्धा संपली म्हणजे प्रत्येकाने आपली नोंदवही परीक्षकांकडे पाठवावयाची. तेथे संगणकाच्या साहाय्याने दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहतात. एक अक्षर चुकीचे ऐकले असेल, तर तो संपर्क बाद होतो आणि वर दंडही बसतो. बक्षीस म्हणावे तर एक मानपत्र किंवा मानचिन्ह, पैसा नाही. तरी या दोन रात्री न झोपता काढणारे लोक सर्व खंडांत आहेत. घरच्यांना हे वेड वाटते, आणि घरच्यांचे अगदीच चुकते असेही नाही.

स्पर्धेवाचूनही दूरदूरचे देश जमविणारे असतात. संपर्क झाल्याची खूण म्हणून ते एकमेकांस छापील पत्र पाठवितात. अलीकडे संगणकावरूनही ही पोच देतात. अशा १०० देशांची पत्रे जमली म्हणजे एक सन्मानपत्र मिळते. त्या यादीत सुमारे ३४० 'देश' आहेत. जगात इतकी राष्ट्रे कोठून आली, असे भूगोल शिकलेला विद्यार्थी विचारील. या यादीचा नियमच निराळा आहे. मुख्य भूमीपासून फार दूर असलेली बेटेही तीत वेगळी धरतात. त्यामुळे आपली अंदमान-निकोबार बेटे आणि लक्षद्वीप यांची तीत स्वतंत्र गणना होते. ज्या बेटावर हौशी संदेशकच नसतो, तेथून कोणी साद घातली की साऱ्या जगाचे कान तिकडे लागतात. म्हणून काही धाडसी मंडळी यंत्रे पाठीशी बांधून अशा ठिकाणी मुद्दाम जातात.

या कानांचे मोल महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. १९९३ साली अनंत चतुर्दशीचे गणपती विसर्जन आटोपून लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील लोक निजले, ते ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या आपत्तीत निरोप पोहोचविण्याच्या कामी हौशी संदेशक धावून आले. कोणत्या गावी औषधे हवीत, कोणत्या गावी तंबू, हे सांगणारा एक आवाजही अशा वेळी लाखमोलाचा असतो.

अकरा वर्षांनी याहून विलक्षण योग घडला. अंदमानातून हौशी संदेशनाची परवानगी कित्येक वर्षांत कोणाला मिळाली नव्हती. २००४ च्या डिसेंबरात ती हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाली. ३ डिसेंबरपासून पोर्ट ब्लेअरहून त्यांची साद सुरू झाली. जगभरच्या हजारो संदेशकांनी एकाच वेळी ओ द्यावी आणि त्या कल्लोळातून एकेक संकेतनाम वेचून घ्यावे, असे ते काम होते. तीन आठवडे हा आनंदसोहळा चालला. २६ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला आणि त्यामागून सुनामीच्या लाटा बेटांवर आदळल्या. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, बेटाबेटांमधील दळणवळण तुटले. मुख्य भूमीवर तर कोण जिवंत आहे आणि कोण नाही, याचा पत्ता लागेना.

यंत्रे, आकाशक आणि ऐकण्यास सरावलेले कान तेथे हजर होते. भारतीबाईंनी देश जमविण्याचा खेळ तत्काळ थांबविला आणि त्याच यंत्रावरून मुख्य भूमीशी संपर्क जोडला. त्यांच्या पथकातील सहकारी कार निकोबार या फार मोठी हानी झालेल्या बेटावर यंत्र घेऊन गेले. शासकीय कामाचे निरोप जाऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर अगदी लहान लहान निरोपही. अमुक मनुष्य सुखरूप आहे, त्याच्या घरी कळवावे. पलीकडे मुख्य भूमीवरचा हौशी संदेशक ते नाव व पत्ता लिहून घेई आणि त्या घरी कळवी. दोन दिवसांपूर्वी ज्या कानांनी आकडे टिपले होते, तेच कान आता माणसांची नावे टिपीत होते. एक अक्षर चुकले तर येथे गुण जाणार नव्हते. एखाद्या आईला चुकीची वार्ता गेली असती.

२००६ च्या एप्रिल महिन्यात अनेक देशांतील हौशी संदेशक पोर्ट ब्लेअरला एकत्र जमले. समुद्रकाठी पुन्हा तारा ताणल्या गेल्या, पेट्यांपुढे माणसे बसली, आणि अंदमानातून जगाला पुन्हा साद जाऊ लागली, 'सी क्यू, सी क्यू'.